चौदाचे चार मिलिमीटर

३ जून

भाऊजी,

फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही "हो वहिनी, बघतो वहिनी" म्हणता आणि ठेवला की विसरता. कागद निदान टेबलावर पडून राहील आणि तुमच्या डोळ्यांना खुपेल, म्हणून लिहितेय.

तुमच्या कंपनीचे कचऱ्याचे डबे आमच्या हॉस्पिटलात येऊन अडीच महिने झाले. हात जवळ नेला की झाकण आपोआप उघडतं, कुठे शिवावं लागत नाही, म्हणून अठरा डबे घेतले आणि जुने भंगारात गेले. त्या दिवशी मी तुमच्या दादांना केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की तुमच्या भावाने बसवलेलं यंत्र आता माझ्या हाताखाली आलंय. आता त्याचे प्रताप ऐका.

जखमा बांधायची खोली. नर्सच्या हातात पू लागलेली पट्टी. ती हात झाकणापाशी नेते. झाकण ढिम्म. अजून जवळ नेते. तरी ढिम्म. शेवटी ती वैतागून झाकणाला ढोसते तेव्हा ते उघडतं, आणि तोवर पट्टीचं टोक काठाला पुसलेलं असतं. अशा दिवसाला पन्नास-साठ पट्ट्या. कधी हातातून सटकून खाली पडतात. दुपारपर्यंत त्या काठावर जे पिवळं चिकट साचतं आणि वाळून पापुद्रा धरतं, ते आम्ही बोथट सुरीने खरवडतो. सव्वीस वर्षं मी सफाईच्या कामात आहे. मला कशाचीच किळस येत नाही असं मी अभिमानाने सांगायची. परवा दुपारी जेवायला बसले, डब्याचं झाकण उघडलं आणि तशीच उठून मोरीकडे धावले.

पण माझ्या ओकारीसाठी मी पत्र लिहीत नाही. गेल्या आठवड्यात तपासणीची माणसं आली. त्यांना काठावर ती घाण दिसली, डब्याशेजारी जमिनीवर दोन पट्ट्या दिसल्या, आणि त्या खोलीची सफाई करणाऱ्या बाईला जागच्या जागी घरी बसवलं. तिला आम्ही चिमणी म्हणतो. पन्नाशीची आहे, पण उंचीला एवढीशी आणि कामात भुर्रकन. एकोणीस वर्षांत तिच्या खोलीत मी बोट फिरवलं तर बोट काळं झालं नाही. आता तिच्यावर कामचुकारपणाचा ठपका आहे. २८ तारखेला चौकशी. ठपका टिकला तर तिची नोकरी गेली.

मी तिची मुख्य आहे, मी बोलेनच. पण माझ्या तोंडच्या शब्दाला कोण विचारतो? मला तुमच्या कंपनीच्या कागदावर लिहून हवंय, की झाकण किती लांबून उघडायला हवं आणि इथे ते तसं का उघडत नाही.

तुमची वहिनी

८ जून

वहिनी,

तुमचं पत्र म्हणजे थोबाडीतच की! बायकोने वाचलं आणि "बरं झालं, कुणीतरी बोललं" असं म्हणून मला उपाशी झोपवायची भाषा करतेय.

घाबरू नका. अशा तक्रारी येतात आणि दहातल्या नऊ वेळा दोष वापरणाऱ्याचा असतो. आधी यंत्र समजून घ्या. झाकणाच्या पुढच्या काठात, प्लास्टिकच्या आत, तांब्याची एक पट्टी आहे. तिच्यात वीज खेळवली की तिच्याभोवती विजेचं क्षेत्र पसरतं. ते दिसत नाही, पण असतं. त्यात माणसाचा हात शिरला की क्षेत्रात फरक पडतो, तो फरक यंत्राला कळतो आणि झाकण उघडतं. बाजूने कुणी गेलं तर उगाच उघडू नये म्हणून पट्टीच्या कडेने आणि मागून बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला दुसरा पत्रा असतो. त्याला शील्ड म्हणतात. ती नको तिकडचं क्षेत्र अडवते. एवढंच.

माहितीपत्रकात अंतर बारा सेंटिमीटर दिलंय. म्हणजे हात अर्धी वीत लांब असतानाच झाकण उघडायला हवं. उघडत नसेल तर तीन गोष्टी बघा. बॅटरी जुनी झाली का? काठावर ओल राहते का? आणि डब्याजवळ कुठे धातू आहे का? धातू जवळ असला की क्षेत्र तिकडेच ओढलं जातं. एका गिऱ्हाइकाने झाकणावर लोखंडी पाटी ठोकली होती आणि वर मलाच शिव्या घालत होता. तुमच्याकडेही कुणा दीडशहाण्याने असं काही केलंय का ते बघा.

चिमणीबाईंना सांगा, काळजी करू नका.

तुमचा धाकटा

१२ जून

भाऊजी,

दहातल्या नऊ वेळा वापरणाऱ्याचा दोष, हे वाक्य मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा तिटकारा आला.

बॅटऱ्या नव्या घातल्या. काठ स्पिरिटने पुसून कोरडा केला. शाळेतली मोजपट्टी उभी धरली आणि हात हळूहळू नेला. अठराच्या अठरा डब्यांपाशी. दोन सेंटिमीटर. एक डबा तर हात टेकल्याशिवाय उघडलाच नाही. दोन सेंटिमीटर म्हणजे काय ते ठाऊक आहे का? नर्सच्या हातातल्या पट्टीचं टोक त्याहून जास्त लोंबतं. म्हणजे झाकणाला हात कळायच्या आधी पू लागतो.

धातूचं विचारलंत. डबे स्टीलच्या स्टँडमध्ये आहेत. वरच्या काठाशी गोल कडं आहे. स्टँड कुणी घेतले वगैरे शोधत बसायला मला वेळ नाही. त्याने इतका फरक पडतो का, ते सांगा.

काल चिमणी घरी आली होती. ओट्यापाशी बसली, चहा निवला तरी कप उचलला नाही. मला म्हणते, "ताई, मी कबूलच करून टाकते. म्हणते, चुकले, पुसायचं राहिलं. हातापाया पडले तर निदान बाहेर तरी काढणार नाहीत." जिने एकोणीस वर्षं कोपरे घासले, ती न केलेल्या घाणीबद्दल माफी मागायला तयार झालीय. मला तिची कीव यायला हवी होती. मला संताप आला, आणि तो कुणावर काढू ते कळेना.

दिवस मोजकेच राहिलेत. यावेळी विनोद नको.

वहिनी

१५ जून

वहिनी,

सापडलं! स्टँडच! मी म्हटलं नव्हतं?

पट्टीतून निघालेलं क्षेत्र बाहेर हाताकडे जायला हवं. पण काठाला लागूनच स्टीलचं कडं, आणि तो स्टँड जमिनीवर उभा. मग क्षेत्र कशाला लांब जाईल? पट्टीतून निघतं आणि तिथल्या तिथे कड्यात शिरतं. बाहेर हातासाठी उरतं काय, तर चिंधी. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर "धातूच्या सान्निध्यात वापरू नये" असं छापलंय, पण ते वाचतो कोण? ज्याने ते स्टँड मागवले त्याची मान धरा. एक माणूस डोकं न वापरता खरेदी करतो आणि भोगतं कोण? गरीब सफाईवाली. मला तर अशा माणसांची शिसारी येते.

मी साहेबांशी बोललो. कंपनीचं रीतसर पत्र चौकशीच्या आत तुमच्या हातात पडेल. चिमणीबाई सुटल्याच म्हणून समजा.

तुमचा धाकटा

१८ जून

भाऊजी,

तुमचा आनंद वाचून मला आनंद झाला नाही.

पत्र आलं तशी मी एक डबा स्टँडमधून काढला. खोलीच्या मधोमध लाकडी स्टुलावर ठेवला. आसपास कसलाही धातू नाही, माझ्या बांगड्यासुद्धा काढून ठेवल्या. पुन्हा मोजपट्टी धरली. चार सेंटिमीटर. दुसरा डबा काढला. चार. तिसरा साडेतीन.

स्टँडने दोन खाल्ले, हे कबूल. बारातले उरलेले आठ कुणी खाल्ले?

तुम्हाला मी तुम्ही कॉलेजात होता तेव्हापासून ओळखते. तुमचं काही चुकलं की तुम्ही आधी हसता आणि मग दुसऱ्याला नावं ठेवता. दोन पत्रांत तुम्ही दोन्ही केलंत. आता सरळ सांगा.

वहिनी

२४ जून

वहिनी,

चार दिवस पत्र लिहून फाडतोय. सोबत कंपनीचं पत्र आहे, ते चौकशीत द्या. हे मात्र फक्त तुमच्यासाठी. वाचून फाडून टाका, पाया पडतो.

पहिल्या नमुन्यात तांब्याची पट्टी आणि शील्ड यांत चौदा मिलिमीटरची मोकळी जागा होती. त्या जागेमुळेच क्षेत्र बाहेर फुगून लांब पोचायचं. बारा सेंटिमीटर खरंच मिळायचे. पण बाजूने कुणी गेलं तरी झाकण उघडायचं. मोठे साहेब बघायला आले, डब्यापुढून चालत गेले आणि झाकण टपकन उघडलं. परत आले, पुन्हा उघडलं. कुणीतरी म्हणालं, "डबा साहेबांना सलाम करतोय", आणि सगळे हसले. साहेब नाही हसले. दोन दिवसांत प्रदर्शन होतं. मला म्हणाले, "हा सलाम बंद करा."

खरा उपाय मला माहीत होता. शील्ड बॅटरीच्या ऋण टोकाला न जोडता तिला पट्टीइतकाच विजेचा दाब द्यायचा. मग ती बाजूचं अडवते, पण पुढचं क्षेत्र गिळत नाही. त्याला वेगळं सर्किट लागलं असतं, तीन आठवडे लागले असते. तीन आठवडे मागायला माझं तोंड उघडलं नाही. मी शील्ड आत सरकवली. चौदाचे चार मिलिमीटर केले. सलाम बंद झाला. आणि झाकणाची नजरही गेली, कारण क्षेत्र पट्टीतून निघून शेजारच्या शील्डमध्येच शिरायला लागलं.

पुढचं सांगायला जास्त लाज वाटते. आमच्याकडे अंतर मोजायला पितळेचा पंजा आहे. काठीला लावलेला, ताटाएवढा, तारेने जमिनीला जोडलेला. खऱ्या हातापेक्षा यंत्राला तो खूप आधी कळतो. त्या पंजालाही नव्या मांडणीत सातच मिळाले. मी माहितीपत्रकातला जुना आकडा बदलला नाही. कुणी विचारलंही नाही. असे तीनशे चाळीस डबे गेलेत, सगळे हॉस्पिटलांत.

हे बाहेर आलं तर मी संपलो. मुलीची शेवटची परीक्षा तोंडावर आहे. कंपनीच्या पत्रात स्टँडचं कारण दिलंय आणि ते खोटं नाही, अर्धं तरी खरं आहे. तेवढ्याने चिमणीबाई सुटतील. स्टँड घेणाऱ्या कुणा खरेदीवाल्याला थोडा ओरडा बसेल, त्याचं काय एवढं बिघडणार आहे?

तुमचा धाकटा

२९ जून

भाऊजी,

चौकशी काल झाली. तुमच्या कंपनीचं पत्र मी स्वतःच्या हाताने अध्यक्षांपुढे ठेवलं. त्यांनी मोठ्याने वाचलं. "वापरकर्त्याने बसवलेल्या धातूच्या स्टँडमुळे उपकरणाच्या कार्यात अडथळा." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "हे स्टँड कुणी मागवले?"

मी उठून उभी राहिले.

होय, मीच तो दीडशहाणा. जुने डबे ढकलगाडीचा धक्का लागला की आडवे व्हायचे आणि आतलं सगळं जमिनीवर. नवे आले तेव्हा मीच म्हटलं, यांना पक्के स्टँड करून घ्या. मागणीवर माझी सही आहे. तुम्ही ८ तारखेला धातूचं लिहिलंत तेव्हाच मला माझी सही आठवली होती, आणि १२ तारखेला मी "कुणी घेतले ते शोधायला वेळ नाही" असं लिहून तुमच्यापासून तोंड लपवलं. चिमणी माझ्या ओट्यापाशी बसून न केलेली चूक कबूल करायला निघाली होती, आणि मी समोर बसून केलेली चूक गिळत होते. तुमची किळस यायच्या आधी मला माझी आली, हे लिहून ठेवते.

निकाल असा. चिमणी कामावर परत आली, पण "पुढे काळजी घ्यावी" अशी लेखी समज तिच्या कागदांत लागली आहे. कारण स्टँड असो वा नसो, घाण पुसायला हवी होती, असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडून सफाईचं काम काढलं. परवापासून मी चादरींच्या कोठारात. येतील तेवढ्या मोजायच्या, जातील तेवढ्या लिहायच्या. तुमच्या खरेदीवाल्याचं एवढंच बिघडलं.

तुमचं दुसरं, फक्त माझ्यासाठीचं पत्र माझ्या पिशवीत होतं. अध्यक्ष बोलत असताना माझा हात दोनदा पिशवीत गेला. ते बाहेर काढलं असतं तर चिमणीला समजही मिळाली नसती. मी काढलं नाही. तुमच्या मायेपोटी काढलं नाही असं समजू नका. तुमच्या दादांचं तोंड डोळ्यांपुढे आलं, तुमची लेक आली, आणि मी घरची अब्रू धरून बसले. दुसऱ्याच्या घरातली बाई त्यासाठी डागाळली तरी चालेल, असं मी ठरवलं. घरी येऊन आंघोळ केली, पण अंगावरचं गेलं नाही.

आता एकच सांगते. तीनशे चाळीस डबे म्हणालात. त्यातले अठरा आमच्याकडे. बाकीचे स्टँडमध्ये नसले, तरी ते चारच सेंटिमीटरवर उघडणार. तिथेही कुणीतरी काठ खरवडत असेल आणि कुणावर तरी ठपका येत असेल. शिवाय त्या काठावरचा पू उद्या कुणाच्या उघड्या जखमेत गेला, तर त्याला तुम्ही कोणता स्टँड दाखवणार?

तुमचं पत्र मी फाडलं नाही. ते सोबत परत पाठवतेय. कुठे द्यायचं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही दिलं नाहीत तरी मी ते कुणाला दाखवणार नाही, ती भीती बाळगू नका. फक्त पुन्हा मला वहिनी म्हणून हाक मारू नका.

९ जुलै

(प्रत)

सर्व हॉस्पिटलांच्या व्यवस्थापनास आणि चौकशी समितीच्या अध्यक्षांस,

आपल्याकडील आपोआप उघडणाऱ्या डब्यांच्या माहितीपत्रकात झाकण उघडण्याचे अंतर बारा सेंटिमीटर छापले आहे. ते खरे नाही. खऱ्या हाताला ते सुमारे चार सेंटिमीटर मिळते, आणि जवळ धातू असल्यास त्याहून कमी. कारण संवेदक पट्टी व शील्ड यांमधील जागा मी चौदा मिलिमीटरवरून चार केली आणि छापलेला आकडा तसाच राहू दिला. हा निर्णय माझा होता. स्टँड बसवणाऱ्यांनी किंवा सफाई करणाऱ्यांनी काहीही चूक केली नसती, तरी या झाकणांना हात टेकावाच लागला असता. दूषित कचऱ्यासाठी हे डबे आजपासून वापरू नयेत. जखमा बांधण्याच्या खोलीतील झाकणांवर साचलेल्या घाणीचा ठपका ज्या कर्मचाऱ्यांवर ठेवला गेला असेल, तो मागे घ्यावा अशी विनंती आहे.

संवेदक आराखडाकार

(खाली, हाताने)

मला आराखड्याच्या खोलीतून काढलंय. नोकरी राहते की नाही ते पुढच्या महिन्यात कळेल. डबे परत मागवायला सुरुवात झाली. बायकोला सगळं सांगितलं. दादांना अजून सांगितलेलं नाही. ते मी येऊन सांगेन. तुम्हाला काय म्हणून हाक मारू ते कळत नाही, म्हणून वर काहीच लिहिलं नाही.

१७ जुलै

भाऊजी,

पत्र पोचलं. अध्यक्षांनाही पोचलं. चिमणीच्या कागदांतली समज काल काढली, मी स्वतः जाऊन फाइल उघडून बघितली. मला कोठारातच ठेवलंय. स्टँड माझेच होते, तेव्हा ते बरोबर आहे. चादरींना निदान वास बरा येतो. अठरा डबे मागच्या अंगणात पालथे घालून ठेवलेत, तुमची गाडी येईपर्यंत. त्यांच्यावर माशा बसतात, तिकडून जाताना मी नाक दाबते.

दादांना मी काही बोललेले नाही. या आणि सांगा. जेवायला थांबा.

चिमणीला तुमचं छापील पत्र मी वाचून दाखवलं. प्रत्येक ओळ दोनदा वाचायला लावली तिने. "हा निर्णय माझा होता" इथे तिने मला थांबवलं आणि विचारलं, "कोण हो ताई हा माणूस?"

इतके दिवस मी तिला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "माझे दीर. सख्खे."

 ती म्हणाली, "अगं बाई! आणि त्या दिवशी तुमच्या ओट्यापाशी बसून मी त्या डबेवाल्याला एवढ्या शिव्या घातल्या, तुम्ही मला एकदाही थांबवलं नाहीत?"

"थांबवायचं कशाला?" मी म्हटलं. "सगळ्या बरोबर होत्या."

तुमची वहिनी